घंटी वाजते, गोळी जाते, मासा काही येत नाही : नवशिक्यांचा नेहमीचा प्रॉब्लेम

आधी प्रॉब्लेम सांगतो, बघा ओळखीचा वाटतो का. तळ्यावर जाऊन बसता, कणकेची गोळी लावून गळ टाकता, दहा मिनिटांत रॉडच्या टोकाची घंटी टिणटिणते, तुम्ही झटका देऊन रीळ फिरवता आणि वर येतो तो नुसता गळ, घासून ठेवल्यासारखा स्वच्छ. परत गोळी, परत टिणटिण, परत स्वच्छ गळ. सकाळी सहा ते अकरा असं वीस पंचवीस वेळा झालं की माणूस चारा बदलतो, मग जागा बदलतो, मग घरी येऊन रात्री नवीन रॉड ऑर्डर करतो. मी तिन्ही करून बसलोय. पहिल्या चार महिन्यांत माझ्या नावावर एक टिलापिया, तोही पाठीत गळ अडकून आलेला, म्हणजे बिचारा नुसता जवळून चालला होता.

मी इंदूरचा, सुदामा नगरचा, आणि माझं सगळं शिक्षण सांवेर रोडच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेततळ्यावर झालं. बलराम तालाब या सरकारी योजनेतलं तळं, त्यात रोहू, कटला, मृगल आणि कॉमन कार्प असं मिक्स बीज (माशांची पिल्लं) सोडलेलं, सगळे कार्प जातीचेच. म्हणजे मासे आहेत की नाहीत हा प्रश्नच नाही, जाळं ओढतात तेव्हा मी डोळ्यांनी बघतो, दोन दोन किलोचे उड्या मारत असतात. मग दोष कोणाचा, माझाच. आणि नवीन माणसाने अशाच पाण्यावर शिकावं असं माझं ठाम मत आहे, कारण मोठ्या तलावावर काही लागलं नाही की तलावाला नावं ठेवून घरी जाता येतं. शिवाय इंदूरकडचे सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव २०२२ पासून रामसर साईट (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आहेत, तिथे रॉड घेऊन सहज म्हणून जाऊन बसायचं नाही, आणि इतर कुठल्याही सरकारी किंवा पंचायतीच्या तलावावर मासे धरायचा पट्टा कोणाकडे तरी असतोच, आधी त्यांना विचारायचं. १६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते, तो माशांचा अंडी घालायचा काळ. हे एकदा सांगून टाकलं, आता मुद्द्यावर येतो.

तळ्यावर जाळं ओढायला एक म्हातारे काका येतात. माझा तमाशा त्यांनी दोन रविवार शांतपणे पाहिला आणि तिसऱ्या रविवारी बिडी विझवत म्हणाले, "भिया, पेले काटा देखो, फिर मच्छी को गाली दो." आणि खरंच, मी तोपर्यंत गळ वर आला की न बघता त्यावर नवीन गोळी थापायचो. गळ काय अवस्थेत परत आलाय हे बघायचं असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. खाली काय झालं ते त्याच्याकडे बघूनच कळतं, दुसरं कुठलं साधन आपल्याकडे नाही, पाण्यात डोकं घालून तर बघता येत नाही.

तर पहिली केस, जी माझी होती आणि बहुतेक तुमचीही असेल : गळ एकदम स्वच्छ. याचा अर्थ मासा गोळी खाऊन गेला असा आपण धरतो, पण दर वेळी तसं नसतं. घरी एक प्रयोग करा. स्टीलचं पातेलं भरून पाणी घ्या, गळाला नेहमीची गोळी लावून त्यात सोडा आणि मोबाइलवर टायमर लावा. माझी कणकेची गोळी पहिल्या मिनिटाला गुळगुळीत झाली, तिसऱ्या मिनिटाला तिच्यातून पांढरा धूर निघावा तसं पीठ सुटायला लागलं आणि सहाव्या मिनिटाला मी पातेलं नुसतं हलवलं तर गोळी दोन तुकडे होऊन तळाशी. मासा नाही, चिंगळी नाही, स्वयंपाकघरातलं पातेलं! म्हणजे मी तळ्यावर वीस वीस मिनिटं रिकामा गळ पाण्यात सोडून बसत होतो, आणि आधीची जी टिणटिण व्हायची ती विरघळत्या पिठावर आलेल्या बोटाएवढ्या माशांची. भाचा म्हणाला, "मामा, तू त्यांना नाश्ता देतोस." बरोबरच होतं त्याचं.

घंटीचा आवाजही ऐकून घ्या जरा. टिर्र टिर्र टिर्र, थांबून परत टिर्र, हे छोटे मासे, ते टोचतात, तोंडात अख्खी गोळी मावत नाही त्यांच्या. कार्प घेतो तेव्हा एक दोन हलके ठोके येतील किंवा तेही नाही, आणि मग रॉडचं टोक सरळ वाकतं, किंवा उलट ताणलेली लाईन एकदम ढिली पडते कारण मासा वजन उचलून आपल्याकडे आलेला असतो. फ्लोट (लाईनवरचा तरंगता तुकडा) वापरत असाल तर तळातलं खाद्य उचललं की फ्लोट बुडायच्या ऐवजी वर येऊन आडवा पडतो, नवीन माणूस तो नुसता बघत राहतो. छोट्या टिर्र टिर्रवर झटके देणं बंद करा, नुसतं एवढं केलं तरी अर्धी दमछाक वाचते.

मग आम्ही गोळी घट्ट केली. जुने लोक पिठात कापूस मळतात, तो धागा धागा होऊन गोळी धरून ठेवतो, ती युक्ती खरी आहे, पातेल्यात आमची कापसाची गोळी अर्धा तास टिकली. खूश होऊन तळ्यावर गेलो आणि दुसरी केस सुरू झाली : दमदार ओढ येते, झटका देतो, क्षणभर वजन जाणवतं आणि सुटतं, वर येते ती गोळी, थोडी चेपलेली, पण जागेवर, आणि गळाचं टोक तिच्या पोटात गुडूप. हे बघून मला पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला. मऊ गोळी विरघळते, कडक गोळी गळ झाकते, म्हणजे कणकेच्या मागे लागून मी एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात पडत होतो.

इथे कार्प खातो कसा ते कळलं पाहिजे, मग बाकी सगळं आपोआप लागतं. तो आपल्यासारखा चावा घेत नाही. ओठांना दात नाहीतच त्याला, दात असतात ते घशात आत. तो तोंड नळीसारखं पुढे काढतो, खाद्य पाण्यासकट आत ओढतो, तोंडातल्या तोंडात चाचपतो आणि खडा, काडी, काही कडक टोचरं लागलं की फुर्र करून बाहेर टाकतो. हे सगळं चालता चालता, दिवसभर. तुमची गोळीही त्याने आत घेतलेली असते, पसंत पडली नाही म्हणून बाहेर टाकलेली असते, आणि टोक पिठात लपलेलं असल्यामुळे जाता येता त्याला कुठेही खरचटतसुद्धा नाही. गळ लागतो तो शक्यतो बाहेर टाकताना, खालच्या ओठात, आणि त्यासाठी टोक उघडं पाहिजे. आपल्याला उलट वाटतं, की टोक दिसलं तर मासा घाबरेल. तळाशी गढूळ पाण्यात तो टोक बघत बसत नाही हो.

यावरचा इलाज इंग्लंडमध्ये १९८० च्या आसपास लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स या दोघांनी काढला, त्याला हेअर रिग (रिग म्हणजे गळाची बांधणी) म्हणतात, कारण सुरुवातीला त्यांनी खरोखरचा केस वापरला होता. खाद्य गळावर लावायचंच नाही, गळाच्या खाली एका बारीक दोऱ्यावर लटकवायचं, गळ पूर्ण उघडा. मासा दाणा ओढतो, मागोमाग गळ आत जातो, बाहेर टाकायला गेला की गळ वळून ओठात बसतो. मला हे ऐकून आधी हसू आलं होतं, आता मी तळातल्या माशांसाठी दुसरं काही बांधतच नाही.

बांधायचं असं. वीतभराहून थोडी जास्त, साधारण २५ सेंटिमीटर विणलेली लाईन घ्या, एका टोकाला छोटा फासा करा. दुसरं टोक गळाच्या डोळ्यातून (दांडीच्या वरच्या भोकातून) मागच्या बाजूने, म्हणजे टोकाच्या विरुद्ध बाजूने, घाला आणि ओढत आणा, फासा गळाच्या वळणाच्या खाली लोंबेल इतका. दाणा ओवल्यावर दाणा आणि वळण यांच्यात अर्धा सेंटिमीटर मोकळं दिसलं पाहिजे, जास्त नको, नाहीतर दाणा तोंडात आणि गळ बाहेर राहतो. आता ते लोंबतं टोक दांडीला धरून ठेवा आणि लांब बाजूने दांडीभोवती सात आठ वेढे द्या, डोळ्याकडून वळणाकडे, एकाला एक चिकटून. शेवटी तेच लांब टोक परत डोळ्यातून मागच्याच बाजूने काढा, थुंकी लावून ओला करा, हळू ओढा. गाठ अशी नाहीच, नुसते वेढे. पहिली चार माझी वाकडी झाली, पाचवं जमलं.

दाणा म्हणजे मका. भुट्ट्याचा कीस करतो तो कोवळा नाही, तो पाण्यात पडता पडताच गळून जातो, कबुतरांना टाकतात तो वाळलेला पिवळा मका, इंदूरच्या सियागंज बाजारात किलोवर मिळतो. तो २४ तास भिजत घालायचा आणि मग कुकरला पाच सहा शिट्ट्या, नखाने दाबला तर दबेल पण फुटणार नाही असा. न शिजवता कधी टाकू नका, कोरडे दाणे माशाच्या पोटात जाऊन फुगतात. काबुली चणेही चालतात, त्यांचंही असंच. ओवायला वेगळी सुई विकत मिळते पण मी आईची लेस विणायची सगळ्यात बारीक क्रोशाची सुई पळवली, ती दाण्यातून आरपार घालायची, आकड्यात फासा अडकवायचा, ओढून बाहेर काढायचा आणि फाशात झाडूच्या काडीचा तांदळाएवढा तुकडा घालायचा म्हणजे दाणे घसरत नाहीत. दोन दाणे लावा. आईला सुई कुठे गेली ते अजून सांगितलेलं नाही.

आता तिसरी केस, मका लावला, गळ उघडा, आणि एक तास काहीच नाही, टिर्रसुद्धा नाही. वर ओढलं तर गळावर आणि दाण्यावर काळा गाळ थापलेला, वास मारतो. ही आपल्या माळव्याची खास भानगड आहे. काळी माती, तळाशी वर्षानुवर्षांचा लोण्यासारखा गाळ, त्यात ७० ग्रॅमचं गोल शिसं, म्हणजे गळ तळाशी नेणारं वजन, टाकलं की ते स्वतः रुतून बसतं आणि गळालाही बरोबर घेऊन जातं. मी बघितलेल्या इंग्लंडच्या व्हिडिओत सगळं खडीवर चाललेलं होतं म्हणून मला हे आधी कळलंच नाही. मी शिसं ३०-४० ग्रॅमचं आणि चपटं केलं, गळाची लाईन २५ वरून ३५ सेंटिमीटर केली, आणि दोन दाण्यांच्या मध्ये जुन्या हवाई चपलेच्या फोमचा एक दाण्याएवढा तुकडा ओवला. घरी त्याच पातेल्यात तपासायचं, गळ दाण्यासकट अगदी सावकाश, पिसासारखा खाली गेला पाहिजे. तरंगला तर फोम कातरून कमी करा, दगडासारखा पडला तर थोडा मोठा तुकडा. आमच्या घरी त्या पातेल्यावर आता मार्करने खूण केलेली आहे, त्यात दूध तापवत नाहीत.

चाऱ्याबद्दल. भुईमुगाची पेंड आणि तांदळाचा कोंडा मिक्स करून नारळाएवढे गोळे भसाभस टाकणारे लोक मी बघतो, मीही टाकायचो. बारीक भुगा टाकला की बारीक मासे आधी येणार, आणि मग परत आपण टिर्र टिर्रवर. कार्पला पोट नसतं, म्हणजे जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात, त्यामुळे तो एकदाच तट्ट जेवून पडून राहत नाही, दिवसभर थोडं थोडं चरत असतो. अर्ध्या तासाला पंधरा वीस दाणे, गळ आहे तिथेच. इंदूरच्या माणसाला कमी वाढणं जड जातं, पण करा.

आणि कोणासाठी बसलोय तेही ठरवा. कॉमन कार्प आणि मृगल हे तळ उकरणारे, कॉमन कार्पच्या ओठाशी दोन जोड्या मिशा असतात, त्याने तो गाळात चव शोधतो, आणि वर बुडबुड्यांची रांग सरकताना दिसली तर तो तिथे कामाला लागलाय समजा. रोहू मधल्या थरात. कटल्याचं तोंडच वर वळलेलं, तो वरच्या पाण्यातलं बारीक जीवजंतू गाळून खातो, त्याच्यासाठी तळात मका म्हणजे वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचं पार्सल तळघरात ठेवण्यासारखं. कटला हवा असेल तर फ्लोटखाली दोन तीन फुटांवर मऊ, मुद्दाम विरघळणारी गोळी आणि छोटा गळ, म्हणजे वर ज्या गोळीला मी शिव्या दिल्या ती इथे बरोबर. सुरुवातीला मात्र मृगल किंवा कॉमन कार्पच धरा, सोपं जातं.

आता गळाबद्दलच थोडं. मला रॉड-रीळ कॉम्बोबरोबर आलेले गळ म्हणजे वडापावला टोचायचे असावेत इतके मोठे. नंबरची भानगड लक्षात ठेवा, नंबर वाढला की गळ लहान होतो, ४ मोठा, ८ लहान, आणि १/०, २/० हे त्याहून मोठे. मक्याच्या दोन दाण्यांना ८ किंवा ६ नंबर पुरतो. धार तपासायची अंगठ्याच्या नखावर, टोक हलकेच टेकवून सरकवा, रुतलं तर ठीक, घसरलं तर तो गळ फेका, आणि दगडावर लागून आला असेल तर पुन्हा तपासा. टोकामागचा उलटा काटा मी पकडीने दाबून टाकतो, मासा सोडायला सोपं पडतं आणि स्वतःच्या बोटात गेला तर डॉक्टर लागत नाही. दोन्ही अनुभवाने सांगतो.

चौथी केस, गळच परत येत नाही. लाईनचं तुटलेलं टोक बघा. शेवट डुकराच्या शेपटीसारखा गोल गोल वळलेला असेल तर लाईन तुटली नाही, गाठ सुटली, म्हणजे वेढे कमी दिलेत किंवा कोरडीच ओढलीत, कोरड्या नायलॉनची घासून गरम होऊन ताकद जाते. टोक खरखरीत, पांढरट असेल तर दगडाला नाहीतर जुन्या जाळ्याला घासलंय, पुढचा मीटरभर तुकडा कापून टाका. आणि सरळ साफ तुटलं असेल तर रीळचा ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढला की लाईन सोडणारा ब्रेक, आवळून ठेवलेला होता. ड्रॅग अंदाजाने लावू नका, प्रवासाच्या बॅगा तोलायचा तो हातातला काटा असतो ना (इथे हिंदीत गळही काटा, तराजूही काटा, माशातलं हाडही काटा, नवीन माणसाची गंमत होते), तो लाईनला अडकवून ओढा, लाईनच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांशावर रीळ सुटायला लागलं पाहिजे. ५ किलोची लाईन असेल तर सव्वा ते साधारण १.६५ किलो.

घट्ट ड्रॅगने आमची फक्त लाईन गेली नाही. भाच्याने रॉड नुसता दगडाला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघं पोह्यांचा डबा उघडत होतो, घंटी एकदाच खण्णकन वाजली आणि "मामा, रॉड!" म्हणेपर्यंत हँडल पाण्यात. काकांनी जाळ्याला बांधायचा आकडा फेकून पंधरा मिनिटांनी तो काढला, तोपर्यंत मासा कधीच निघून गेला होता आणि पोह्यांवर मुंग्या. तेव्हापासून रॉड रोवलेल्या स्टँडमध्ये, ड्रॅग ढिला, आणि हेअर रिगला झटका द्यायचाच नाही, मासा निघाला की त्याच्याच ओढीने गळ बसतो, तुम्ही फक्त रॉड उचला, ड्रॅग थोडा आवळा आणि सावकाश घ्या. शिसं मात्र लाईनवर मोकळं सरकणारं हवं, पक्कं बांधू नका, नाहीतर लाईन तुटली तर मासा ते शिसं घेऊन फिरत राहतो.

हे सगळं एकाच दिवशी बदलू नका. मी बदललं होतं, आणि मासा लागला तेव्हा कशामुळे लागला तेच कळेना. एका रविवारी फक्त पातेल्याची टेस्ट आणि हेअर रिग, पुढच्या रविवारी शिसं, मग ड्रॅग. थंडीत, डिसेंबर जानेवारीत, इथलं पाणी चांगलंच गार होतं, मासा हलत नाही फार, तेव्हा उन्हं चढल्यावर अकरानंतर जा आणि एकच दाणा लावा. एप्रिल मे मध्ये उलट, सकाळी लवकर, पण अगदी पहाटे मासे वर तोंड काढून गटगट करताना दिसले तर पाण्यात ऑक्सिजन कमी झालेला असतो, त्या वेळी ते खात नाहीत आणि त्यांना त्रासही देऊ नका.

आमच्या घरी मासा चालत नाही, मी हात ओले करून, ओल्या गोणपाटावर ठेवून, गळ काढून परत सोडतो. आई म्हणते खायचा नाही तर त्रास कशाला देता त्याला, याचं उत्तर माझ्याकडे नाही, मी चहा टाकतो. मागच्या महिन्यात दोन रविवारात पाच आले, चार कॉमन कार्प, एक मृगल, सगळे खालच्या ओठात. आणि एक कासव. ओढ एकदम जड, संथ, झटके नाहीत, आणि दाणे कातरलेले परत आले तर ते कासव समजा, त्याला कुठलीही रिग चालत नाही, चंबूगबाळं उचलायचं आणि पन्नास पावलं पलीकडे जाऊन बसायचं.